रात्रीचे पाणी आणि हरवलेली झोप



जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके महाराष्ट्राला नाना कारणांनी परिचित आहेत. कुणी शिवनेरीच्या पायऱ्या चढण्यासाठी येतो, कुणी लेण्याद्री-ओझरच्या गणपतीला, तर कुणी श्रावणात भीमाशंकराच्या दर्शनाला. व्यापाऱ्याला नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा आणि मंचरची तरकारी ठाऊक असते. पण या पाहुण्यांपैकी फारच थोडे जण येथली मध्यरात्र पाहतात. रात्री बारा-साडेबाराच्या सुमारास पुणे-नाशिक महामार्ग सोडून एखाद्या शिववाटेला वळावे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या काळोखात बॅटरीचे उजेड हलताना दिसतात. फावडे घेऊन उसाच्या सरीतून चालणारा तो शेतकरी असतो. शेताला वीज रात्रीची आहे, म्हणून तो जागा आहे.

झोपेच्या विकारांवर बोलायचे, तर या माणसापासूनच आरंभ करावा लागेल. या विषयावरची बहुतेक व्याख्याने शहरातल्या श्रोत्यांसाठी बेतलेली असतात. रात्री चहा-कॉफी घेऊ नका, मोबाईल बाजूला ठेवा, खोलीत अंधार करा, असा उपदेश त्यांत असतो. तो चुकीचा मुळीच नाही. पण ज्याला रात्री बारा वाजता मोटार चालू करायची आहे, त्याला हा उपदेश काय कामाचा? झोप न येणे ही एक गोष्ट आणि झोपायला न मिळणे ही दुसरी. तिसरा प्रकार त्याहून फसवा आहे. माणूस आठ तास अंथरुणावर असतो, घरच्यांच्या मते ढाराढूर झोपलेला असतो आणि तरीही त्याला विश्रांती मिळालेली नसते. या तिन्ही प्रकारच्या माणसांची तक्रार दवाखान्यात एकाच शब्दांत मांडली जाते, ‘डॉक्टर, थकवा जात नाही.’ झोपेचा उल्लेख शेवटी, उठता उठता होतो. कित्येकदा होतच नाही. आपल्याकडे झोपेबद्दल तक्रार करणे म्हणजे आळसाची कबुली देण्यासारखे मानले जाते.

या भागातील जागरणाचे मूळ समजून घ्यायचे, तर थोडे मागे जावे लागते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने येथली शेती पालटली. ज्या शिवारात बाजरी आणि हुलगा पिकत होता, तेथे ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आले. टोमॅटो, फुलशेती, द्राक्षबागा आल्या. या समृद्धीला नावे ठेवण्याचे कारण नाही. कोरडवाहू शेतीचे दिवस ज्यांनी सोसले, ते पुन्हा तिकडे वळा म्हणणाऱ्याला दारात उभे करणार नाहीत. परंतु हे पाणी विजेच्या मोटारीवर चालते आणि शेतीला मिळणारी थ्री फेज वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने मिळत आली आहे. आठवड्यातील काही दिवस ती दिवसा येते, काही दिवस रात्री. पुढे वेळापत्रक फिरते. मधेच फ्यूज जाते, डीपीवर बिघाड होतो आणि रात्री अकराला येणारी वीज दोनला येते.

कारखान्यातील कामगाराला अशा फिरत्या कामाचे नाव ठाऊक असते. तो त्याला पाळी किंवा शिफ्ट म्हणतो. त्याला रात्रपाळीचा भत्ता कमी-अधिक मिळतो, आणि रात्रभर काम केलेला माणूस सकाळी झोपणार, हे त्याच्या घराला मान्य असते. शेतकऱ्याची रात्रपाळी मात्र कुठल्याच दप्तरी नोंदलेली नाही. पहाटे चारला दारे धरून परतलेल्या माणसाला पाच वाजता गोठ्यात जायचे असते, सातला औषध फवारणी असते आणि दहाला सोसायटीत काम असते. रात्र त्याने कामाला दिली म्हणून दिवस त्याला सुटीचा मिळत नाही.

येथे एक साधा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. सकाळी पाचला उठलेला माणूस रात्री दहा वाजता सतरा तास जागा असतो. १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत ऑस्ट्रेलियातील डॉसन आणि रीड या संशोधकांनी असे दाखवून दिले, की सलग सतरा तास जागरण झालेल्या माणसाच्या हालचालीतील अचूकता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते. आपल्या मोटार वाहन कायद्यात वाहनचालकासाठी मद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे ज्या अवस्थेत गाडी चालवणे हा गुन्हा ठरावा, त्याहून वाईट अवस्थेत आपला शेतकरी ओल्या पायांनी स्टार्टरच्या पेटीला हात लावायला निघतो. त्याने थेंबभरही घेतलेली नसते.

आणि जो संध्याकाळी तासभर डोळा लावून वीज येताच धडपडत उठतो, त्याचे काय? गाढ झोपेतून अचानक उठलेल्या मेंदूला पुरते भानावर यायला पंधरा मिनिटे ते अर्धा तास लागतो. पाय चालू लागलेले असतात, हात खटक्याकडे गेलेला असतो, पण बुद्धी अजून अंथरुणातच असते. म्हणून संध्याकाळी घेतलेली झोप अवश्य हितकर, किंबहुना रात्री जागायचेच असेल तर ती घ्यावीच. मात्र उठल्यावर तोंडावर पाणी मारावे, दिव्याच्या उजेडात बसावे, पायात रबरी बूट घालावेत आणि मगच विहिरीकडे निघावे. वीज पंधरा मिनिटे वाया गेल्याने ऊस वाळत नाही.

याच उसाने दुसरा एक रहिवासी आणला आहे. उसाच्या दाट फडात बिबट्याला आडोसा, पाणी आणि आसपासच्या वस्त्यांवर कुत्री-शेळ्यांचे भक्ष्य मिळाले. त्याच्या कित्येक पिढ्या आता डोंगरात न जाता उसातच जन्मल्या आहेत. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरील हल्ले एकाएकी वाढले, माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र उभे राहिले आणि विद्या अत्रेय यांच्यासारख्या अभ्यासकांनी पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडण्याचे दुष्परिणाम पुढे दाखवून दिले. प्रश्न मात्र संपला नाही. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बालकांचे बळी गेले, तेव्हा संतप्त ग्रामस्थांनी मंचरजवळ महामार्ग रोखून धरला होता. बिबट्याच्या बंदोबस्ताचा विषय स्वतंत्र आहे आणि तो वनखात्याच्या जाणकारांनी मांडावा. येथे त्याचा संबंध झोपेपुरता.

भीती आणि झोप एका अंथरुणावर नांदत नाहीत. बाहेर कुत्रे भुंकले की मळ्यातल्या घरात सारे जागे होतात. गोठ्यात गाय उठून उभी राहिली, तरी घरधनी कानोसा घेतो. अशा घरातला माणूस झोपतो तेव्हाही त्याचे कान पहाऱ्यावर असतात. वैद्यकशास्त्राला ही अवस्था नीट ठाऊक आहे. मेंदू संकटाच्या अपेक्षेत राहिला की शरीरातील ताणाची संप्रेरके उतरत नाहीत, झोप वरवरची राहते आणि पुन:पुन्हा तुटते. बाप रात्री फडात गेला असेल, तर घरातल्या दिव्याखाली त्याची आई आणि बायकोही जाग्या असतात. एका माणसाच्या पाण्याच्या पाळीत तिघांची झोप जाते. तोडणीच्या हंगामात बीड आणि अहिल्यानगरकडून आलेले ऊसतोड मजूर तर फडाशेजारीच पाचटाच्या कोपीत लेकरे घेऊन निजतात आणि पहाटे तीनला उठून थंडीत कोयता हाती धरतात. त्यांच्या झोपेचा विचार कोणत्या खात्याकडे आहे?

एखादे जागरण माणसाला मारत नाही, हे येथे सांगायला हवे. आपल्या परंपरेत जागराला मानाचे स्थान आहे. खंडोबाचे जागरण-गोंधळ, हरिनाम सप्ताहातील रात्रीचे कीर्तन, एकादशीचा जागर हे सारे येथल्या गावांनी हौसेने केले आहे. आणि तमाशाची पंढरी म्हणवणाऱ्या नारायणगावाला रात्र जागवणे काही नवे नाही. विठाबाईंच्या फडासमोर पहाट झालेली पिढी अजून गावात आहे. पण तो जागर ठरलेला होता, आनंदाचा होता आणि दुसऱ्या दिवशी सारे गाव दुपारपर्यंत झोपत होते. शरीराला बाधते ते आठवड्यामागून आठवडे चालणारे, वेळ बदलत राहणारे जागरण.

असे का व्हावे, याचे उत्तर गेल्या काही दशकांत बरेच उलगडले आहे. शरीरातील पेशीपेशींत दिवस-रात्रीचे घड्याळ असते. ते कोणत्या जनुकांवर चालते, हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबाश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ सूर्यप्रकाशावर लावलेले असते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते आणि सावधपणाही. ट्रक रस्ता सोडतात ते बहुधा याच वेळी. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्रीच्या झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी तेवढीच विसाव्याची घटका. झोप वारंवार तुटली, की हा उतार होत नाही. अपुऱ्या झोपेने इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही, भूक वाढवणारी संप्रेरके चढतात आणि गोड, तळलेले खावेसे वाटते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि मनाची खिन्नता यांचा अपुऱ्या झोपेशी संबंध आता वादाचा राहिलेला नाही. अमेरिकेतील हृदयरोग संघटनेने हृदय सांभाळण्याच्या आपल्या निकषांत २०२२ साली आहार, व्यायाम, तंबाखूत्याग यांच्या जोडीला झोपेचा समावेश केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००७ साली, आणि फेरविचार करून पुन्हा २०१९ साली, रात्रपाळीच्या कामाला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत ठेवले आहे. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी, असे या विषयातील तज्ज्ञांच्या संघटना सांगतात.

आपल्या पूर्वसूरींना हे सूत्र अपरिचित नव्हते. चरकसंहितेने शरीराला पेलून धरणाऱ्या तीन आधारांत आहारानंतर लगेच निद्रेला स्थान दिले. दिवसा झोपणे सामान्यतः निषिद्ध मानणाऱ्या त्याच ग्रंथाने ग्रीष्म ऋतूत, आणि वृद्ध, बालक, श्रमाने थकलेला व रात्री जागलेला यांना दिवसाच्या झोपेची मोकळीक दिली आहे. वाग्भटाचे अष्टांगहृदय त्याहून नेमके बोलते. सवय नसलेले जागरण घडले, तर जितका वेळ जागलो त्याच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणापूर्वी झोपावे. रात्री बारा ते चार पाणी भरणाऱ्याला हा हिशेब दोन तासांचा पडतो. ज्या घरात आयुर्वेदाचा अभिमान सांगितला जातो, त्याच घरात सकाळी आठला झोपलेल्या कर्त्या मुलाला ‘उन्हे वर आली तरी लोळतोय’ असे ऐकवले जाते. अभिमान आणि आचरण यांच्यामधले हे अंतर फार जुने आहे. (चरकाने निद्रानाशावर म्हशीचे दूधही सुचवले आहे. संकरित गाईंनी भरलेल्या गोठ्यांच्या या तालुक्यांत आता ते शोधावे लागेल!)

आता तिसऱ्या प्रकाराकडे वळू. घोरणे हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे. लग्नघरात मामांच्या घोरण्याची नक्कल होते, सारे हसतात, आणि मामांना गाढ झोप लागते म्हणून हेवाही वाटतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाचा मार्ग अरुंद होतो आणि त्यातून हवा जाताना आवाज होतो. काहींमध्ये तो मार्ग पूर्ण मिटतो. घोरणे एकाएकी थांबते, दहा सेकंद, वीस सेकंद, कधी त्याहून अधिक काळ श्वास आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू घाबरून शरीराला जागे करतो आणि माणूस मोठा हुंकार देऊन पुन्हा घोरू लागतो. त्याला स्वतःला यातले काही आठवत नाही. दहा सेकंदांचा असा अडथळा तासाला पाचांहून अधिक वेळा येऊ लागला, की तो विकार समजतात. तीव्र रुग्णात तो तीस वेळांच्याही वर जातो. त्याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अॅप्निया म्हणतात. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे २०२२ साली मुंबईत निधन झाले, तेव्हा हे नाव अनेकांनी प्रथमच वाचले.

हा विकार लठ्ठ माणसालाच होतो, हा गैरसमज आहे. आखूड मान, मागे गेलेली हनुवटी, वाढलेले टॉन्सिल किंवा बंद नाक असलेल्या सडपातळ माणसालाही तो गाठतो. सकाळी उठल्यावर तोंड कोरडे पडणे, डोके जड असणे, रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठावे लागणे, आणि दुपारी ग्रामसभेत, एसटीत, पूजेला बसल्या बसल्या डुलकी येणे ही त्याची लक्षणे होत. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही, त्यांच्यामागे पुष्कळदा हाच विकार लपलेला असतो. गोळ्या वाढवल्या जातात, घोरण्याची चौकशी कुणी करत नाही. रात्रभर श्वास, प्राणवायू आणि झोपेची नोंद घेणारी तपासणी पुण्यात अनेक ठिकाणी होते आणि तिचा सोपा प्रकार आता घरीही करता येतो. उपाय म्हणून नाकावर मुखवटा लावून हवेच्या मंद दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे सीपॅप नावाचे यंत्र आहे. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली ते प्रथम मांडले. सौम्य विकारात वजन उतरवणे, कुशीवर झोपणे आणि रात्रीचे मद्य बंद करणे यांनीही बराच फरक पडतो.

मद्याचा विषय निघालाच आहे. ‘थोडी घेतली की झोप लागते’ हे वाक्य गावोगाव ऐकू येते. लागते हे खरे, पण ती उत्तररात्री मोडते आणि घसा अधिक सैल करून श्वास अडकवते. तंबाखूचेही तसेच. निकोटीन हे उत्तेजक द्रव्य आहे. रात्री झोपण्यापूर्वी मिश्री लावून बसणाऱ्या बायकांना आपण जागरणाचे औषध लावत आहोत, याची कल्पना नसते.

बायकांच्या झोपेबद्दल तर बोलावे तेवढे थोडे. घरात शेवटी निजणारी आणि प्रथम उठणारी व्यक्ती कोण, याला पुराव्याची गरज नाही. पहाटे चारला पाणी तापवणे, धारा काढणे, डेअरीला दूध पाठवणे, चाकणला कंपनीत जाणाऱ्या मुलाचा डबा. आणि रात्री सर्वांची जेवणे झाल्यावर भांडी. पाच तास झोप हा तिचा नियम असतो. त्यातही अनेकींना अंथरुणावर पडताच पायांत काहीतरी वळवळते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, चोळून घ्यावेसे वाटते. घरचे म्हणतात, दिवसभर उभी असते म्हणून पाय दुखतात. हा बहुतेकदा रक्तातील लोहाच्या कमतरतेशी निगडित असा स्वतंत्र विकार असतो आणि लोह भरून काढल्यावर तो पुष्कळ उतरतो. महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून स्पष्ट झालेले आहे. तेव्हा पाय चोळून देण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे. पन्नाशीच्या सुमारास पाळी जाताना अंगातून वाफा निघून घामाने जाग येणे हाही झोपमोडीचा मोठा प्रकार आहे. त्यावर उपचार आहेत, पण लाजेने ते मागितले जात नाहीत.

पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात झोपेची आणखी एक कथा आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि १५१ माणसे गेली. २०२३ च्या जुलैत रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर रात्री तशीच वेळ आली. अशा प्रसंगातून वाचलेल्यांना दुःस्वप्ने पडणे, पावसाच्या आवाजाने दचकून उठणे, पुढे वर्षानुवर्षे सलग झोप न लागणे हे मनावरच्या आघाताचे सर्वमान्य लक्षण आहे आणि त्यावर मानसोपचार उपलब्ध आहेत. घर पुन्हा बांधून देता येते. त्या घरात झोप लागावी यासाठी वेगळी मदत लागते.

त्याच पट्ट्यात, आणि मळ्यांतही, जमिनीवर अंथरूण टाकून निजण्याची रीत आहे. मण्यार हा सर्प रात्री हिंडतो आणि झोपलेल्या माणसाला चावतो. दंशाची खूण दिसत नाही, वेदना जवळपास नसते. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास थांबतो. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी सर्पदंशावर जे काम उभे केले आहे, ते या भागाला सांगायला नको. खाटेवर निजणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे, एवढ्याने मण्यार आणि डास दोन्ही दूर राहतात आणि झोपही निर्धास्त लागते.

आता खरा निद्रानाश. आठवड्यातून तीन रात्री किंवा अधिक, असे तीन महिने झोप लागत नसेल किंवा मधेच उडत असेल, तर तो जुना निद्रानाश समजावा. अशा वेळी आपल्याकडे सोपा मार्ग निवडला जातो. औषधाच्या दुकानातून ओळखीने अल्प्राझोलामची पट्टी येते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती देण्याला कायद्याने मनाई आहे, आणि ती मनाई उगाच नाही. या गोळीची सवय लागते, मात्रा वाढते, एकदम सोडली तर त्रास होतो. वृद्ध माणूस रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतो आणि खुब्याचे हाड मोडून बसतो. श्वास अडकणाऱ्याला तर ती धोक्याचीच. अमेरिकेतील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने २०१६ साली जुन्या निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळीऐवजी वर्तनोपचार सुचवला. त्यातील नियम कुणालाही समजण्यासारखे आहेत. झोप आली तरच अंथरुणावर जावे. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही, तर उठून दुसरीकडे बसावे. कूस बदलत हिशेब करत पडू नये. कितीही वाईट रात्र गेली, तरी उठण्याची वेळ बदलू नये. चहाचे शेवटचे कप संध्याकाळी आधीच संपवावेत, कारण त्यातील कॅफिन निम्मे उतरायलाच पाचेक तास घेते. हे नियम पहिला आठवडाभर कठीण जातात, त्यानंतर झोप आपली वाट ओळखू लागते. मात्र ज्याची वेळ मोटार ठरवते, त्याला हे नियम लावणे अन्यायाचे होईल. त्याचा रोग शरीरात नाही, वेळापत्रकात आहे.

म्हणूनच दिवसा विजेची मागणी आरोग्याची मागणी म्हणून पुढे यायला हवी. बिबट्यामुळे ती या तालुक्यांतून वारंवार झाली आहे. झोपेमुळे कधी झाल्याचे ऐकिवात नाही. २०१७ साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज द्यावी, हा तिचा उद्देश आहे. त्यासाठी जमीन लागते आणि ती गायरान असो वा भाडेपट्ट्याची, ग्रामपंचायतीच्या सहकार्याविना मिळत नाही. आपल्या गावाची वाहिनी सौर झाली का, नसेल तर काय अडले आहे, हा प्रश्न ग्रामसभेत रस्त्याच्या आणि नळाच्या बरोबरीने विचारला गेला पाहिजे. ठिबकाने पाणी देणाऱ्याला निदान सरीसरीतून रात्रभर चालावे लागत नाही. तोवर शेजारच्या दोघा-तिघांनी मिळून पाण्याला जाण्याची पद्धत ठेवली, तर भीतीही वाटली जाते आणि एकाला गोठ्याच्या माळ्यावर तासभर पडताही येते.

मुलांच्या बाबतीत शासनाने एक पाऊल टाकले आहे. मुलांची झोप पुरी होत नसल्याकडे तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये लक्ष वेधले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा आदेश निघाला. दहावी-बारावीच्या मुलांना खरे तर त्याची गरज अधिक. त्या वयात शरीराचे घड्याळच उशिरा झोपायला सांगते. पण रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला २००० सालच्या नियमांनी बंदी असताना यात्रेचा डीजे साडेअकरापर्यंत वाजत राहतो, तेव्हा शाळेची वेळ बदलून किती साधणार?

चाकणच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या तरुणांसाठी एक सूचना. पाळी बदलायचीच असेल, तर सकाळ, मग दुपार, मग रात्र या क्रमाने ती शरीराला सोसते. उलटा क्रम अधिक त्रास देतो. रात्रपाळीहून परतताना दुचाकी चालवू नये, कंपनीच्या बसने यावे. आणि माळशेजमार्गे कल्याणकडे किंवा वाशीच्या बाजाराला रात्री माल नेणाऱ्या चालकांनी खिडकी उघडून, गाणी लावून झोप पळते या समजुतीवर विसंबू नये. गाडी सुरक्षित जागी उभी करून घेतलेली वीस मिनिटांची डुलकीच उपयोगी पडते. बाजार पहाटेचा असतो, घाई असते. पण व्यापाऱ्यालाही टोमॅटो घाटाखाली नको असतात.

यातले काहीही डॉक्टरांना दाखवायचे झाल्यास एक तयारी करून जावे. प्रत्येक घरात कालनिर्णय टांगलेले असते आणि त्याच्या चौकटीत दुधाचे लिटर रोज लिहिले जातात. त्याच चौकटीत दोन आठवडे आणखी तीन गोष्टी लिहाव्यात : शेताला वीज किती वाजता आली, अंथरुणावर केव्हा पडलो आणि केव्हा उठलो. हे पान डॉक्टरांपुढे ठेवले, की निम्मे निदान तेथेच होते. उरलेल्या निम्म्यासाठी पत्नीला सोबत न्यावे. नवरा घोरतो की नाही, आणि घोरता घोरता थांबतो की नाही, हे त्याच्यापेक्षा तिला पुष्कळ चांगले ठाऊक असते.